कॉनवीचा थोरला वाडा

लेकीच्या घरी परदेशी गेलेल्या आईचे दिवस कसे जातात, हे जाऊन आलेल्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी लेक-जावई कामावर गेले की घरात आपण एकट्या. भाजी चिरून ठेवायची, कणीक मळून ठेवायची, खिडकीतून पाऊस बघायचा आणि रविवारची वाट पाहायची. रविवारी मात्र ती दोघे मला कुठे ना कुठे घेऊन जात. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी लिव्हरपूलला लेकीकडे होते, तेव्हाची ही हकिगत.

‘आई, उद्या आपण वेल्सला जायचं,’ शनिवारी रात्री लेक म्हणाली. ‘कॉनवी म्हणून गाव आहे, समुद्राकाठी. दीड तासाचा रस्ता. मोठा किल्ला आहे आणि एक जुनं घर आहे. तुला आवडेल बघ.’

जुन्या घराचे नाव काढले आणि माझ्या छातीत धस्स झाले. कारण माझ्या बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या घडीखाली, एक कागद होता. मी इंदूरहून निघायच्या आदल्या दिवशीच दादाने, माझ्या थोरल्या भावाने, तो कुरिअरने पाठवला होता. माहेरचा वाडा विकायला माझी संमती आहे, असे लिहिलेला कागद. खाली तीन सह्यांच्या जागा. दोन झाल्या होत्या. तिसरी माझी.

आमचा वाडा वाईपासून थोड्या अंतरावर, कृष्णेच्या काठच्या एका गावात आहे. गावात त्याला ‘थोरला वाडा’ म्हणतात. थोरला म्हणजे फार मोठा नव्हे. दिंडी दरवाजा, देवडी, दोन चौक, पुढचा सोपा, माजघर, वर दिवाणखाना. वडील १९९४ साली गेले. चार वर्षांत दादा आणि धाकटा बाळू यांचा दावा उभा राहिला. पुढचा सोपा कोणाचा आणि विहिरीकडची जागा कोणाची, एवढाच प्रश्न होता. पण तो वीस वर्षांहून अधिक काळ चालला. वकील बदलले, तारखा पडल्या, वाड्याला कुलूप लागले. शेवटी दोघेही थकले आणि एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले, की वाडा विकायचा आणि पैसे वाटून घ्यायचे. कायद्याने माझीही सही लागत होती. मी ‘हो’ म्हणाले नव्हते, ‘नाही’ही म्हणाले नव्हते. नुसता कागद घेऊन विमानात बसले होते.

तटाच्या आतले गाव

कॉनवीला पोहोचलो तेव्हा बारीक पाऊस होता. पहिल्यांदा दिसतो तो किल्ला. खाडीच्या काठावर आठ भरभक्कम बुरूज. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ या चार वर्षांत हा किल्ला आणि गावाभोवतीचा तट बांधून काढला. तट जवळजवळ सव्वा किलोमीटर लांबीचा, त्यावर एकवीस बुरूज आणि आत शिरायला तीन दरवाजे. तो आजही जवळजवळ सलग उभा आहे. किल्ला आणि तट मिळून १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

राजाने तटाच्या आत इंग्रज वसाहतकऱ्यांना आणून बसवले आणि मूळच्या वेल्श माणसांना बाहेर ठेवले. आपल्याच मुलखात, आपल्याच नदीकाठी, पण वेशीबाहेर. आपल्याकडे गोऱ्यांच्या छावण्यांचे ज्यांनी ऐकले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

आम्ही आधी खाडीच्या धक्क्यावर गेलो. तिथे लाल रंगाचे एक घर आहे, ब्रिटनमधले सर्वांत लहान घर म्हणून ते प्रसिद्ध आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद. खाली चूल आणि कोळशाची जागा, वर एक बिछाना. १९०० सालापर्यंत त्यात रॉबर्ट जोन्स नावाचा एक कोळी राहत होता आणि त्याची उंची होती सहा फूट तीन इंच! जावई म्हणाले, ‘आई, आमच्या मुंबईच्या खोलीची आठवण झाली.’ आम्ही सगळेच हसलो.

‘आता दुसऱ्या रॉबर्टचं घर बघू,’ लेक म्हणाली. आणि चढण चढून आम्ही हाय स्ट्रीटवर आलो.

देवडी, चौक आणि सदर

रस्त्याला लागूनच उंच, पांढऱ्या गिलाव्याची इमारत उभी होती. घर म्हणून ती ओळखूच आली नाही. ती खरे तर घराची देवडी. १५८५ मध्ये बांधलेली, दोन्ही अंगांनी अगदी समसमान. पुढे सगळ्या घरभर दिसले ते हिच्या माथ्यावरही होते. छपराच्या टोकाला त्रिकोणी भिंत असते ना, तिच्या दोन्ही कडा सरळ उतरत्या नव्हत्या, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेल्या होत्या. इंग्रजीत त्यांना कावळ्याच्या पायऱ्या म्हणतात. माणसाला तिथे चढता यायचे नाही, कावळ्यानेच चढावे!

या पायऱ्या मूळच्या वेल्सच्या नव्हेत. ही तऱ्हा आली समुद्रापलीकडून, आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या बाजूने. अँटवर्पमध्ये व्यापार करून आलेल्या रिचर्ड क्लाऊ याने १५६७ च्या सुमारास उत्तर वेल्समध्ये त्या धाटणीची घरे बांधली होती. आणि या घराचा मालक रॉबर्ट विन हाही देश पाहिलेला माणूस होता. सर फिलिप होबी या राजदूताच्या पदरी तो नोकरीला होता, त्यांच्याबरोबर सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारापर्यंत जाऊन आला होता. १५४४ मध्ये बूलोन्यच्या वेढ्यात त्याच्या पायाला जखम झाली होती. विन घराणे वेल्श, आपण वेल्सच्या जुन्या राजांचे वंशज असे सांगणारे. पण हा घरातला तिसरा मुलगा. वडिलार्जित मोठी जमीन त्याच्या वाट्याला येणार नव्हती. मग त्याने १५७० मध्ये दोनशे पौंडांना कॉनवीच्या तटाच्या आत एक घर विकत घेतले आणि १५७६ पासून ते नव्याने बांधायला काढले.

एकदम सगळे बांधले नाही. आपल्याकडे जसे आधी दोन खोल्या, मग हात सैल झाला की वरचा मजला, तसेच. १५७६-७७ मध्ये उत्तरेकडची बाजू झाली. १५८० मध्ये मधला भाग आणि दक्षिणेची बाजू. मग रस्त्याकडची जागा मिळाली तेव्हा १५८५ मध्ये देवडी. एकूण खर्च आला सुमारे आठशे पौंड. घर पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी त्याची बायको डोरोथी वारली. पुढे त्याने दुसरे लग्न केले. ती दुसरी बायकोही डोरोथीच! तिला सात मुले झाली. म्हातारपणी त्या दगडी घरात पोरांचा गलका झाला असेल.

देवडीतून पायऱ्या चढून आम्ही खालच्या चौकात आलो. मागे आणखी एक वरचा चौक. मला क्षणभर चुकल्यासारखे झाले. परदेशात आलो आहोत की माहेरी? तीच रचना. रस्त्यावरून येणारा माणूस एकदम घरात शिरत नाही. आधी देवडी, मग चौक, मग पायऱ्या, मग सदर. घरधनी कोण आहे हे पाहुण्याला पावलागणिक कळत जावे आणि पाहुणा किती आत न्यायचा हे घरधन्याला ठरवता यावे.

सदर म्हणजे तिथला ‘हॉल’. लांब टेबल, बाके, मोठी शेकोटी. किरकोळ कामाची माणसे इथेच बसत, इथेच जेवत. घरातली खाजगी बैठक वेगळी. आणि खास पाहुण्यांना न्यायचे ते वरच्या मजल्यावर, दिवाणखान्यात. आमच्या वाड्यातही गावची माणसे सोप्यावर टेकत आणि मामलेदार आले की जिना चढून वर जात. लहानपणी मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या वर नेत असे. तेव्हा तो जिना किती लांब वाटायचा!

स्वयंपाकघरात मी बराच वेळ रेंगाळले. बायकांचे पाय तिथेच अडतात. माणूस उभा राहील एवढी चूल. छताला टांगलेली लाकडी चौकट, खायचे जिन्नस उंदरांच्या हाती लागू नयेत म्हणून. लेक म्हणाली, ‘आई, हे तर शिंकं!’ तिने शिंके कधी पाहिले, म्हणून मी चकित झाले. मग आठवले, ती चार वर्षांची असताना आजोळी गेली होती. माजघरातल्या शिंक्यातला लोण्याचा गोळा तिने काठीने पाडला होता.

चुन्यातली नक्षी

दिवाणखान्यात पाऊल टाकले आणि थबकले. भिंती, छत, शेकोटीचा माथा, सगळे चुन्याच्या नक्षीने भरलेले. छतावर बारीक पट्ट्यांची भौमितिक जाळी आणि जाळीच्या घरांत गुलाब, प्राणी, पक्षी, ढाली. खांबासारख्या उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या आकृती. आणि रंग! लाल, हिरवा, पिवळा, सोनेरी. इतका भडक रंग मला त्या थंड देशात अपेक्षित नव्हता. आपल्या देवळाच्या सभामंडपात शोभला असता.

तिथे पांढऱ्या केसांच्या एक बाई माहिती सांगायला उभ्या होत्या. मी शाळेत शिक्षिका होते, इंग्रजी समजते, पण त्यांचा वेल्श हेल कानाला नवा होता. त्या हळूहळू सांगू लागल्या.

ही नक्षी दगडात कोरलेली नाही. चुना आणि वाळूचा गिलावा. पुष्कळसे आकार साच्यात काढून बसवलेले. म्हणून तोच गुलाब, तेच चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते. मला आमच्या गावचे गवंडी आठवले. चुन्याच्या घाणीभोवती बैल फिरायचा, चुना दिवसेंदिवस मळला जायचा. वाड्याच्या महिरपीवरची कमळे त्यांनीच काढलेली. चुना हा जिवंत माल आहे, असे माझे आजोबा म्हणत. तो ओल पितो आणि परत सोडतो. सिमेंटसारखा कोंडून ठेवत नाही.

‘ही अक्षरं पाहा,’ बाई म्हणाल्या. जिकडे तिकडे आर आणि डब्ल्यू. रॉबर्ट विन. स्वतःच्या नावाची इतकी हौस! आमच्याकडे निदान गणेशपट्टीवर गणपती तरी असतो. पण मग त्यांनी दुसरे चिन्ह दाखवले, पंख पसरलेले गरुड. बाराव्या शतकातला वेल्सचा राजा ओवेन ग्विनेड्ड याची म्हणून ही गरुडचिन्हे ओळखली जातात. आणि शेकोटीच्या माथ्यावर इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे राजचिन्ह.

मला ते बघता बघता उलगडत गेले. ज्या तटाच्या आत वेल्श माणसाला थारा नव्हता, तिथेच तीनशे वर्षांनी एका वेल्श माणसाने गावातले सर्वांत दिमाखदार घर बांधले. राणीचे चिन्ह मानाच्या जागी लावले, पण आपल्या राजांचे गरुडही त्याच घरात बसवले. कोणाला भाषण करून दाखवले नाही. पाहुण्याने जेवता जेवता मान वर केली की दिसायचेच.

या छताच्या वर आणखी एक गोष्ट लपली आहे. माळ्यावर गेले की छपराची मूळची ओकची लाकडी बांधणी दिसते. कमानदार, देखणी. खालच्या नक्षीदार छताने ती झाकून टाकली आहे. माळ्यावर नोकरमाणसे झोपत. म्हणजे सुंदर लाकूडकाम रोज पाहायला मिळे ते नोकरांना!

गोल जिन्याने आम्ही टेहळणीच्या मनोऱ्यावर गेलो. माझे गुडघे कुरकुरत होते, पण वर गेल्यावर श्रमाचे सार्थक झाले. खाली राखाडी छपरांचा समुद्र. शाळेत आपण ज्या दगडाच्या पाटीवर लिहायला शिकलो, त्या पाटीच्या दगडाची कौले. उत्तर वेल्स या दगडासाठी प्रसिद्ध आहे. पलीकडे किल्ला, खाडी, बोटी. दगडी चौकटींच्या खिडक्यांत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली लहान लहान काचांची भिंगे पावसात चमकत होती.

भांडणाने राखलेले घर

खाली आल्यावर मी त्या बाईंना विचारले, ‘या घराचं नाव काय म्हणालात? मला नीट उच्चारता येत नाही.’

‘प्लास माउर. वेल्श भाषेत प्लास म्हणजे मोठं घर, हवेली. माउर म्हणजे मोठा, थोर.’

मी लेकीकडे पाहिले. लेकीने माझ्याकडे. ‘थोरला वाडा,’ ती पुटपुटली.

माझ्या डोळ्यांत पाणी आले असावे, कारण बाईंनी मला बाकावर बसवले. ‘तुमच्याकडेही असं घर आहे का?’ त्यांनी विचारले. मग परक्या देशात, परक्या बाईपाशी मी जे इंदूरला कोणाशी बोलले नव्हते ते सगळे बोलून गेले. दोन भाऊ, दावा, कुलूप, कागद.

त्या हसल्या. ‘मग तुम्हाला या घराची पुढची गोष्ट सांगायलाच हवी. हे घर इतकं जसंच्या तसं राहिलं, त्याला मोठं कारण म्हणजे कोर्टातलं भांडण.’

रॉबर्ट विन १५९८ मध्ये वारला. त्याचे मृत्युपत्र मोठे गुंतागुंतीचे होते. त्यावरून वारसांत वाद लागला आणि तो मिटला १६३० मध्ये. बत्तीस वर्षे! या भांडणापायी घर पाडून नव्या पद्धतीचे बांधावे, मोडतोड करावी, हे कोणाला करता आले नाही. त्यामुळे घर १५८० च्या सुमाराला जसे होते तसेच राहिले.

मी ऐकत राहिले. मनात विचार आला, म्हणजे दादा आणि बाळूने वाड्यावर उपकारच केले म्हणायचे! आणखी दहा वर्षे भांडू देत. सही करायची नाही, की झाले.

‘मग बत्तीस वर्षं घराला कुलूप होतं का?’ मी विचारले.

‘छे!’ बाई म्हणाल्या. ‘कुलूप लावलं असतं तर आज काय राहिलं असतं? भांडणानं घर पाडू दिलं नाही, एवढंच. सांभाळलं ते वापरणाऱ्यांनी.’

मग त्यांनी सांगितले ते असे. घरात माणसांचा राबता राहिला. १६८३ मध्ये विवाहसंबंधातून घर मॉस्टिन घराण्याकडे गेले. त्यांची आणखी मोठी घरे होती, त्यांनी इथे नवी बांधकामे केली नाहीत. अठराव्या शतकात घराचे तुकडे पाडून ते भाड्याने दिले. जिथे राणीच्या नावाने पेले उंचावले जात तिथे गरिबांची बिऱ्हाडे आली. एकोणिसाव्या शतकात इथे शाळा भरली. १८८७ मध्ये रॉयल कॅम्ब्रियन अकादमी ही चित्रकारांची संस्था भाड्याने आली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली. दुरुस्तीचा खर्च अंगावर येऊ लागला तेव्हा १९९३ मध्ये घर वेल्स सरकारच्या वारसा संस्थेकडे सोपवले गेले. सुमारे तेहतीस लाख पौंड खर्चून त्यांनी ते दुरुस्त केले आणि १९९७ मध्ये लोकांना खुले केले.

‘त्या संस्थेचं नाव कॅडू,’ बाई म्हणाल्या. ‘वेल्शमध्ये त्याचा अर्थ राखणं, जपणं.’

जावई हळूच मराठीत म्हणाले, ‘आपल्याकडे मात्र राखणं म्हणजे कडूच.’ मला हसू आले, आणि ते खरेही वाटले.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात रुतून बसली. घरातले सामान आज जसे मांडले आहे ते १६६५ च्या एका यादीवरून. कोणत्या खोलीत कोणता पलंग, किती खुर्च्या, कोणती भांडी, सगळे त्या यादीत लिहिलेले होते. तिच्या आधाराने सव्वातीनशे वर्षांनी घर पुन्हा लावता आले.

यादी आमच्याकडेही झाली होती. दाव्यात जंगम मालमत्तेची यादी करायला कोर्टातून माणूस आला होता. तांब्याचे घंगाळ एक, पितळी हंडे चार, सागवानी झोपाळा एक, देवघरातील समया दोन. त्यांची यादी घर परत मांडायला उपयोगी पडली, आमची वाटून घ्यायला. झोपाळ्याच्या कड्या दादाकडे आणि फळी बाळूकडे. दोघांकडेही झोपाळा नाही!

कुलूप

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. लेकीनेही काही विचारले नाही. तेव्हा भारतात पावसाळा सुरू झाला होता. मला आमच्या वाड्याचे छप्पर डोळ्यांसमोर दिसत होते. आमच्याकडे भांडण होते तसे त्यांच्याकडेही होते. जुना चुना, जुने लाकूड आमच्याकडेही होते. फरक एका कुलपाचा होता. वीस पावसाळे कोणी वर चढून एक कौल सरळ केले नव्हते. सरकलेल्या एका कौलातून पाणी येते, ते कडीपाटात मुरते, तुळईचे टोक कुजते, तुळई बसते आणि भिंत फुगते. मागच्या चौकाची एक बाजू अशीच २०१९ च्या पावसात खाली आली होती. तेव्हाही दोघा भावांनी एकमेकांवर ढकलले. आणि मी? मी इंदूरहून फोनवर हळहळले होते. ‘माझं काय, मी सासरी,’ असे म्हणून मोकळी झाले होते. हक्काच्या कागदावर माझे नाव होते, पण छपरावर चढायला लावण्याइतका तो हक्क मी कधी वापरला नव्हता.

दोष दोघांना देत आले. कुलपाची एक किल्ली माझ्याही हातात होती.

ऑगस्टमध्ये परत आल्यावर मी पहिल्यांदा दादाला फोन केला. ‘सही झाली का?’ त्याने विचारले.

‘दादा, सही करीनही. पण आधी एक काम. गणपतीत आपण तिघं वाड्यावर जायचं. कुलूप काढायचं. मला आत जायचंय.’

‘अगं, पडेल अंगावर काहीतरी!’

‘पडलं तर तिघांच्या पडेल,’ मी म्हणाले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाळूला तू सांग. माझं तो ऐकणार नाही.’

आम्ही गेलो. कुलूप गंजले होते, लोहार बोलवावा लागला. आत वटवाघळांचा वास. माजघरात गुडघाभर माती. पण महिरपीवरची चुन्याची कमळे तशीच होती. एकीची पाकळी तेवढी उडाली होती. बाळूने खिशातून रुमाल काढून ती कमळे पुसली. दादा माजघराच्या दारात उभा राहून वर पाहत होता. छपरातून आभाळाचा रुपयाएवढा तुकडा दिसत होता.

मी त्यांना कॉनवीची सगळी हकिगत सांगितली. बत्तीस वर्षांचे भांडण ऐकून दोघेही हसले. ‘आपण त्यांच्या मागेच आहोत की अजून,’ दादा म्हणाला. किती वर्षांनी ते दोघे एका वेळी हसताना मी पाहिले!

तुम्हाला वाटेल, आता वाडा वाचला, भाऊ एक झाले. तसे झालेले नाही. सरकारने तेहतीस लाख पौंड द्यावेत असा आमचा वाडा नाही. बिल्डरचा निरोप अजून येतो. दादाला नातवाच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत, ते खोटे नाही. बाळूची प्रकृती बरी नसते. विकायचा की ठेवायचा, यावर आमचे अजून एकमत नाही. मी सही केलेली नाही आणि कागद फाडलेलाही नाही. तो माझ्या कपाटात आहे.

पण मी एवढे बोलले, की निर्णय होईल तेव्हा होईल, तोवर छप्पर गळता कामा नये. खर्चाचे तीन वाटे, त्यातला एक माझा. सह्या करायला तिघे, तर कौले बदलायलाही तिघे. गेल्या मे महिन्यात पुढच्या सोप्यावरची आणि माजघरावरची कौले चाळून घेतली. दोन तुळयांना टेकू दिले. चुन्याचे काम जाणणारा एक म्हातारा गवंडी शोधून काढला. त्याने फुगलेल्या भिंतीला सिमेंट लावू दिले नाही. गावातल्या अंगणवाडीला जागा नव्हती, ती आता सकाळी पुढच्या सोप्यावर भरते. भाडे काही नाही. फक्त रोज दार उघडायचे, झाडून काढायचे आणि कुठे ओल दिसली की फोन करायचा.

जुलैत कृष्णेला मोठे पाणी आले. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. मी इंदूरला काळजीत बसले होते. रात्री नऊच्या सुमाराला बाळूचा फोन आला. तो वाड्यावरूनच बोलत होता. मागे पावसाचा आवाज येत होता.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘बॅटरी घेऊन सगळीकडे फिरून आलो. माजघर कोरडं आहे.’